डांबराचे झाकण

गाडीची बॅटरी बसली की जुनी द्यायची आणि नवी आणायची, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की पूर्वीही असेच चालत असावे असे वाटते. प्रत्यक्षात लेड-ॲसिड बॅटरी १८५९ साली जन्मली आणि त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षे ती उघडता येईल, धुता येईल, तिचा एखादा सेल बदलता येईल अशाच बेताने बांधली जात होती. मोटारीच्या बॅटरीत प्रत्येक सेलच्या झाकणाभोवती डांबरासारखे काळे मिश्रण ओतलेले असे. ते तापवले की मऊ होई आणि आतल्या प्लेटा हाताला लागत. जुनी बॅटरी पुन्हा उभी करणे हे तिच्या रचनेतच गृहीत धरलेले होते. हे कसब का संपले, याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. कंपन्यांनी नफ्यासाठी ते संपवले, असे काहीजण म्हणतात. मेलेली बॅटरी जिवंत होतच नाही, ते सगळे मनाचे समाधान होते, असे दुसरे म्हणतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. त्या जुन्या कसबात दोन निराळी कामे एकाच नावाखाली नांदत होती. एक, प्लेटांवरचे रसायन पुन्हा मूळ स्थितीला आणण्याचे. दुसरे, शिशाच्या प्लेटाच बदलून बॅटरी नव्याने बांधण्याचे. दुसरे काम घराघरांतून आणि गल्लीबोळांतून गेले ते बरेच झाले. पहिले मात्र त्याच्याबरोबर विनाकारण गेले, आणि ते परत आणण्याजोगे आहे.

या बॅटरीची घडणच मुळी पुन्हा पुन्हा चार्ज करण्यातून झाली. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन लांब पत्रे एकमेकांना टेकणार नाहीत अशा रीतीने गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. १८६० साली त्याने असे नऊ सेल जोडून केलेली बॅटरी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. पण कोऱ्या पत्र्यांत वीज नावापुरतीच साठे. म्हणून प्लांते ते चार्ज करी, रिकामे करी, प्रवाहाची दिशा उलटवी, मध्ये काही काळ तसेच पडू देई आणि पुन्हा चार्ज करी. हा क्रम महिनोन्‌महिने चालला की पत्र्याच्या वरच्या थरातले शिसे हळूहळू सच्छिद्र होई. एका पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर धरे, तर दुसऱ्यावर करडे, स्पंजासारखे शिसे तयार होई. व्यवहारात वापरता येईल असा डायनॅमो तेव्हा नव्हता, त्यामुळे हे सारे चार्जिंग रसायने खर्ची पाडणाऱ्या साध्या सेलांवर करावे लागे. इतक्या चिकाटीने पत्रा घडवला जाई. आज एखादी थकलेली बॅटरी सावकाश चार्जिंगच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सुधारते तेव्हा होते ते याच जातीचे काम असते. बॅटरीला पुन्हा जीव येणे ज्यांना भाकडकथा वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की ज्या क्रियेवर ही वस्तू उभी आहे ती क्रियाच दोन्ही बाजूंनी चालणारी आहे. प्रश्न एवढाच, की ती कुठपर्यंत मागे फिरवता येते.

त्याचे उत्तर पुढच्या वीस-बावीस वर्षांत मिळू लागले. १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या लाल ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या शेंदराचा, लेप दिला आणि प्लांतेचा महिन्यांचा खटाटोप थोड्या दिवसांवर आणला. त्याच वर्षी त्याच्या भरलेल्या सेलांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसनकडे, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाकडे, तपासणीसाठी गेली आणि वीज पेटीत भरून पाठवता येते याचे साऱ्यांना नवल वाटले. सपाट पत्र्यावरचा लेप सुटून पडे, म्हणून लगोलग शिशाची जाळी आली आणि लेप तिच्या घरांत बसू लागला. १८८२ साली ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी आतली क्रिया उलगडली. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि ॲसिड पातळ होत जाते. चार्ज करताना सल्फेट विरघळून ॲसिड पुन्हा दाट होते. म्हणूनच हायड्रोमीटरमध्ये थोडेसे ॲसिड ओढून घेतले की त्या सेलची तब्येत कळते. भरलेल्या सेलमध्ये घनता साधारण १.२५ च्या आसपास असते, उतरलेल्यात ती १.१५ च्याही खाली जाते. बॅटरी उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर सल्फेटचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे, टणक स्फटिक होतात आणि ते नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. हा झाला पहिला विकार, आणि बऱ्याच अंशी परतवता येणारा. बाकीचे विकार तसे नाहीत. पॉझिटिव्ह प्लेटेवरचा लेप झडून तळाशी गाळ होतो. पॉझिटिव्हची जाळी गंजून तिचे तुकडे पडतात. प्लेटांमधला पडदा फाटून सेल शॉर्ट होतो. झडलेला लेप चार्जिंगने परत जाळीत जाऊन बसत नाही आणि गंजलेली जाळी सांधत नाही. बॅटरी दुरुस्तीचा पुढचा सारा इतिहास या एका भेदाभोवती फिरतो, आणि त्यातले बहुतेक घोटाळे हा भेद विसरल्यामुळे झालेले आहेत.

सुरुवातीच्या काळात हा भेद सामान्य घरातल्या माणसालाही ठाऊक असे, कारण त्याच्या समोर तो काचेतून दिसत असे. ज्या चार्ल्स केटरिंगने मोटारीचा विजेवर चालणारा स्टार्टर घडवला त्यानेच १९१६ साली डेल्को-लाइट नावाचा शेतघरांसाठीचा वीजसंच बाजारात आणला. एक छोटे इंजिन, एक डायनॅमो आणि काचेच्या बरण्यांतले सोळा सेल, मिळून ३२ व्होल्ट. वीज कंपन्यांच्या तारा पोहोचल्या नव्हत्या अशा अमेरिकी खेड्यांत हे संच मोठ्या संख्येने बसले. घरमालकानेच पाण्याची पातळी राखायची, घनता पाहायची आणि ठराविक काळाने नेहमीपेक्षा लांब चार्जिंग देऊन सगळे सेल एका पातळीवर आणायचे. प्लेटेचा रंग, तळाचा गाळ, वर येणारे बुडबुडे हे सारे बरणीच्या बाहेरून पाहता येई. ब्रिटनमध्ये १९२० आणि ३० च्या दशकांत वीज नसलेल्या घरांत रेडिओ चालत ते दोन व्होल्टच्या काचेच्या सेलवर, आणि तो सेल दर आठवडा-दोन आठवड्यांनी जवळच्या गॅरेजात किंवा सायकलच्या दुकानात भरायला न्यावा लागे. या माणसांना कुणी रसायनशास्त्र शिकवलेले नव्हते. तरीही आपल्या घरातल्या बॅटरीला काय झाले आहे, हे आजच्या शिकलेल्या ग्राहकापेक्षा त्यांना अधिक कळत होते, याबद्दल मला शंका नाही. उघडी रचना माणसाला शिकवत असते.

दुरुस्तीचा खरा व्यवसाय उभा राहिला तो १९१२ साली कॅडिलॅक गाडीत केटरिंगचा स्टार्टर बसल्यावर. त्यापूर्वी इंजिन सुरू करायला हँडल फिरवावे लागे. आता प्रत्येक गाडीला बॅटरी अटळ झाली आणि प्रत्येक गावाला बॅटरी जाणणारा माणूस. या व्यवसायाचे सर्वांत तपशीलवार चित्र सापडते ते ओ. ए. विट यांच्या ‘द ऑटोमोबाइल स्टोरेज बॅटरी: इट्स केअर अँड रिपेअर’ या जाडजूड पुस्तकात, त्याची तिसरी आवृत्ती १९२२ साली शिकागोतून निघाली. वाफेने किंवा ज्योतीने काळे मिश्रण मऊ कसे करावे, सेलांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या भोके पाडून कशा सोडवाव्यात, प्लेटांचा गट वर कसा ओढावा, फुगलेल्या निगेटिव्ह प्लेटा दाबून सपाट कशा कराव्यात, नवे पडदे घालून, शिसे वितळवून जोड देऊन, पुन्हा डांबर ओतून बॅटरी बंद कशी करावी, हे सारे त्यात पायरीपायरीने येते. ग्राहकाची बॅटरी दुकानात असेपर्यंत त्याला भाड्याची बॅटरी कशी द्यावी, हेही येते. पण या पुस्तकात माझे लक्ष वेधते ते वेगळेच. बॅटरी उघडावी की उघडू नये, याच्या निर्णयाला विट फार जपतात. आधी पाणी, मग चार्जिंग, मग प्रत्येक सेलची घनता, आणि एखादा सेल वर यायला तयारच नसेल तर मग डांबराला हात. म्हणजे या व्यवसायाच्या भरभराटीच्या काळातही जाणकारांनी दोन कामे वेगळी ठेवली होती. (त्या काळचे पडदे देवदार जातीच्या लाकडाचे असत. पुढे रबराचे आणि कृत्रिम पडदे आले, तेव्हा निगेटिव्ह प्लेटा लवकर आक्रसून निकामी होऊ लागल्या. लाकडातून झिरपणारे लिग्निन त्यांना आतापर्यंत मोकळे ठेवत होते, हे मग उमगले. तेव्हापासून लिग्निनपासून केलेले द्रव्य मुद्दाम लेपात घातले जाते.)

भारतात ही बॅटरी आधी आली ती आगगाडीबरोबर आणि टेलिफोनबरोबर. डब्याच्या चाकाच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनॅमो आणि डब्याखालच्या पेटीतले लेड-ॲसिड सेल या जोडीवर गाड्यांतले दिवे आणि पंखे चालत. त्यामुळे सेलमध्ये पाणी घालणे, घनता नोंदवणे, एकेक सेल तपासून बदलणे हे रेल्वेच्या विद्युत विभागाचे रोजचे काम झाले. कारखानदारी स्वातंत्र्याच्या सुमारास बंगालमधल्या श्यामनगर येथे सुरू झाली आणि १९६९ साली त्याच कंपनीचा दुसरा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आला. आज आपण तिला एक्साइड म्हणून ओळखतो. मधल्या काळात आयातीवर निर्बंध होते, गाड्या थोड्या होत्या आणि नवी बॅटरी महाग होती. मग महामार्गांवरचे ट्रकतळ, एसटी स्टँडांचा परिसर, तालुक्याची बाजारपेठ अशा ठिकाणी ‘बॅटरी चार्जिंग’ची पाटी दिसू लागली. अमेरिकेत जे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संपत आले ते आपल्याकडे उत्तरार्धात बहरले. ट्रक आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांत कठीण काळ्या रबराची पेटी आणि डांबराचे झाकण बराच काळ टिकून राहिले, त्यामुळे सेल उघडून प्लेटा बदलणारा कारागीरही टिकला. खेड्यांत वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून तिच्यावर दूरदर्शन चालवले जाई. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहण्यासाठी असे कितीतरी गावांत झाले. दुसऱ्या दिवशी ती बॅटरी चार्जिंगच्या दुकानात जाई. नांगरटीच्या मोसमापुरती वापरलेली, मग महिनोन्‌महिने गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरमध्ये उतरून पडलेली बॅटरी हा तर या दुकानांचा ठरलेला रुग्ण. तिला बहुतेक वेळा नवी प्लेट लागत नसे. पाणी आणि दोन-तीन दिवसांचे सावकाश चार्जिंग लागे.

पण याच ‘सावकाश चार्जिंग’च्या साधेपणामुळे एक जुना मोह या व्यवसायाला चिकटला: औषधाचा. बॅटरीत टाकण्याच्या भुकट्यांचा इतिहास लांबलचक आहे आणि त्यातले एक प्रकरण इतके गाजले की त्याने एका राष्ट्रीय संस्थेच्या प्रमुखाची खुर्ची हलवली. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचे जेस रिची दुसऱ्या महायुद्धानंतर ‘एडी-एक्स-टू’ नावाची भुकटी विकू लागले. सल्फेट धरलेल्या बॅटऱ्यांना ती नवजीवन देते, असा त्यांचा दावा होता. भुकटीत मुख्यतः सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट हे दोन स्वस्त क्षार होते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने अशा भुकट्या १९२० च्या दशकापासून तपासल्या होत्या आणि ही भुकटीही निरुपयोगी ठरवली. रिची यांच्याकडे समाधानी ग्राहकांची पत्रे होती. लहान उद्योजकाला सरकारी शास्त्रज्ञ चिरडत आहेत, अशी हाकाटी झाली. १९५३ च्या मार्चअखेर वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी ब्युरोचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना राजीनामा द्यायला लावला. शास्त्रज्ञांत खळबळ उडाली, ब्युरोतल्या शेकडो लोकांनी नोकरी सोडण्याची भाषा केली, ॲस्टिन यांना पुन्हा नेमावे लागले. त्याच वर्षी नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने ब्युरोची चाचणी योग्य आणि भुकटी निरुपयोगी, असा निर्वाळा दिला. ॲस्टिन १९६९ पर्यंत त्या पदावर राहिले.

या प्रकरणाकडे सहसा विज्ञानाने भोंदूपणावर मिळवलेला विजय म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे, पण त्यात एक अधिक उपयोगाची गोष्ट दडलेली आहे. ते समाधानी ग्राहक खोटे बोलत नव्हते. त्यांच्या बॅटऱ्या खरोखर सुधारल्या होत्या. भुकटी टाकल्यावर लोक बॅटरीची वरची घाण पुसत, पाण्याची पातळी भरत आणि ती संथपणे, पुरेसा वेळ चार्ज करत. एरवी तिच्या वाट्याला हे कधी येत नसे. ब्युरोने भुकटी टाकलेल्या आणि न टाकलेल्या बॅटऱ्या सारख्याच पद्धतीने चार्ज केल्या तेव्हा दोहोंत फरक दिसला नाही. याचा अर्थ भुकटीशिवायच्या बॅटऱ्याही तितक्याच सुधारू शकत होत्या. श्रेय द्यायचे ते चार्जिंगला होते. आजही घरगुती उपाय म्हणून कुणी एप्सम सॉल्ट सुचवतो, कुणी तुरटी, कुणी ॲस्पिरिनच्या गोळ्या. पहिल्या दोघांना एडी-एक्स-टूचाच न्याय लागू आहे. ॲस्पिरिन तर उघड अपायकारक आहे, कारण ॲसिडमध्ये तिच्यातून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, सुटते आणि ते शिसे खाते. पांढरा सफेदा करण्यासाठी शिशावर व्हिनेगरची वाफ सोडण्याची पद्धत युरोपात शतकानुशतके याच गुणावर चालली. विजेचे ठोके देऊन सल्फेट मोडणाऱ्या उपकरणांबद्दलही मी सावध आहे. ती काही वेळा उपयोगी पडत असतील, पण त्यांचा गुण सांगणाऱ्याने आधी तशीच दुसरी बॅटरी नुसत्या सावकाश चार्जिंगवर ठेवून तुलना दाखवावी. १९५३ सालची ती कसोटी आजही पुरेशी आहे.

मग डांबराचे झाकण गेले कसे? १९६० च्या दशकात पातळ भिंतींच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पेट्या आल्या. सेलांचे जोड झाकणावरून न नेता मधल्या भिंतीला भोक पाडून आतल्या आत केले जाऊ लागले आणि झाकण उष्णतेने पेटीला कायमचे चिकटवले गेले. पाठोपाठ जाळीच्या मिश्रधातूत अँटिमनीऐवजी कॅल्शियम आले, पाणी कमी उडू लागले, आणि १९७० च्या दशकात पाणी घालण्याची बुचेही नसलेल्या बॅटऱ्या गाड्यांत बसल्या. ही सारी कंपन्यांची खेळी होती, असे म्हणणाऱ्यांना मी अर्धेच मान्य करतो. बदलांचे खरे फायदे होते. पेटी हलकी झाली, आतल्या जोडांची लांबी घटल्याने प्रवाहाचा तोटा कमी झाला, धक्क्याने डांबर तडकून ॲसिड पाझरणे थांबले, गंजलेल्या पट्ट्यांचा त्रास गेला. एक सेल बदलून बाकीचे पाच जुने ठेवण्यात फारसे शहाणपणही नव्हते, कारण सहाही सेलांनी सारखाच उन्हाळा आणि सारखाच वापर पाहिलेला असे आणि नव्यामागोमाग जुन्यांतला एखादा बसे. पण झाकणाबरोबर बुचे गेली तेव्हा निदान गेले, आणि याची भरपाई कशानेच झाली नाही. ज्या सेलमध्ये हायड्रोमीटर घालता येत नाही त्याला सल्फेट धरले आहे की त्याची जाळी गंजली आहे, हे घरच्या माणसाला ओळखता येत नाही. निदान संपले की प्रत्येक बसलेली बॅटरी मेलेली धरली जाते. विक्रेत्याला त्यात गैरसोय काहीच नाही, म्हणून ही समजूत कुणी खोडली नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र आरोग्याचा आहे, आणि बॅटरी दुरुस्तीबद्दल जिव्हाळ्याने लिहिणारे बहुतेकजण तो टाळतात. १९८० च्या दशकात जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे घरांच्या अंगणात चालणाऱ्या बॅटरी दुरुस्तीच्या दुकानांची पाहणी झाली. त्या घरांतल्या धुळीत आणि मातीत शिसे होते आणि तिथे राहणाऱ्यांच्या रक्तात शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक शिसे सापडले. सर्वांत जास्त झळ लहान मुलांना लागली होती. प्लेटा ओढून काढताना तळाचा गाळ सांडतो, वाळतो, धूळ होऊन अंथरुणापर्यंत पोहोचतो. शिसे वितळवताना धूर उठतो. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याच्या उद्योगामुळे २००७-०८ च्या काही महिन्यांत अठरा मुले दगावली. तो दुरुस्तीचा नव्हे, भंगाराचा उद्योग होता. पण गाळ तोच आणि धूळ तीच. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात प्रति डेसिलिटर पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे आणि अशा मुलांची सर्वांत मोठी संख्या भारतात आहे. हे वाचल्यावर अंगणात, गच्चीवर किंवा चाळीच्या व्हरांड्यात बॅटरी फोडून प्लेटा बदलण्याच्या कसबाचे गोडवे गाणे मला शक्य नाही. ज्या कारागिरांनी ते आयुष्यभर केले त्यांच्या हातांबद्दल आदर आहे. त्यांना त्या धुळीबद्दल कुणी सावध केले नाही, याचे दुःख आहे. पण ते काम निवासी वस्तीत परत येऊ नये.

इथे कुणी म्हणेल, मग सारेच सोडून द्या. शिसे पूर्णपणे पुन्हा वापरता येते, जुनी बॅटरी परत द्या आणि नवी घ्या. आपल्याकडे २००१ पासून जुनी बॅटरी परत घेण्याचे नियम आहेत आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी थेट उत्पादकांवर टाकली आहे. धातू म्हणून शिसे खरोखरच पुन्हा पुन्हा वितळवता येते. पण प्रत्येक वितळणीला ऊर्जा लागते, वाहतूक लागते, आणि भारतात जुन्या बॅटऱ्यांचा एक वाटा अजूनही विनापरवाना भट्ट्यांकडे जातो. तिथले शिसे कुणाच्या तरी मुलांच्या अंगात उतरते. पंधरा वर्षांत तीन-तीन वर्षे टिकणाऱ्या पाच बॅटऱ्या वापरणारे घर आणि पाच-पाच वर्षे टिकणाऱ्या तीन वापरणारे घर यांत दोन बॅटऱ्यांच्या शिशाचा फरक पडतो, आणि घराच्या इन्व्हर्टरला लागणाऱ्या मोठ्या बॅटरीत निम्म्याहून अधिक वजन शिशाचेच असते. म्हणजे पुनर्वापराचा मुद्दा निगराणीच्या विरोधात जात नाही. बॅटरी जितकी उशिरा भट्टीला जाईल तितके बरे.

महाराष्ट्राला हे लागू पडण्याचे कारण इन्व्हर्टर आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत राज्यातल्या लाखो घरांत आणि दुकानांत पाणी घालण्याची बुचे असलेल्या बॅटऱ्या आल्या. गाडीतून जी उघडी रचना हद्दपार झाली ती जिन्याखाली आणि बाल्कनीत परत आली. भारनियमन बरेच कमी झाल्यावर या बॅटऱ्या दुर्लक्षित पडल्या: पाणी आटलेले, टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी, महिनोन्‌महिने पुरते न उतरता अर्धवट चार्जवर. यातल्या काहींना नव्या प्लेटांची गरज नसते. त्यांना जुन्या चार्जिंगवाल्याचे पहिले काम पुरते. प्लेटा बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड अजिबात नाही, कारण आटते ते पाणी. त्यानंतर १५० ॲम्पिअर-तास क्षमतेच्या बॅटरीला पाच-सात ॲम्पिअरपेक्षा जास्त नाही असा प्रवाह, तोही हवेशीर जागी, ठिणगी आणि ज्योत लांब ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण वर येणारा वायू हायड्रोजन असतो आणि तो हवेत चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. पेटी हाताला चटका देऊ लागली तर थांबायचे. तासातासाने घेतलेल्या तीन नोंदींत घनता वाढायची थांबली की काम झाले. अशी बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात जेमतेम दोन युनिट वीज साठते, त्यामुळे या साऱ्याला लागणारी वीज चार-पाच युनिटांच्या आसपासची. श्रमाचा मोबदला मात्र एक-दोन वर्षे असू शकतो. आणि एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे राहिला आणि दोन फेऱ्यांनंतरही वर आला नाही, तर विट यांनी जिथे डांबराला हात घातला असता तिथे आपण थांबायचे.

या उपायाला मर्यादा आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. उष्णता वाढली की जाळीचा गंज वेगाने वाढतो. म्हणूनच उष्ण प्रदेशांतल्या बॅटऱ्यांत ॲसिड थोडे पातळ भरले जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली राहिलेल्या बॅटरीचा अंत बहुधा गंजाने होतो, सल्फेटने नव्हे, आणि तिथे चार्जिंगचा काही उपयोग नसतो. सीलबंद बॅटरी घरी उघडू नये. बराच काळ कोरडी राहिलेली प्लेट फारशी सुधारत नाही, आणि सुधारलेली बॅटरीही कोऱ्याइतकी क्षमता देत नाही. दवाखान्याला किंवा अशाच कुठल्या जबाबदारीच्या जागी ती लावू नये. तरीही बसलेल्या बॅटऱ्यांतल्या नेमक्या किती नुसत्या उपाशी आहेत हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि आज ती तपासणी न करताच त्या भंगारात जातात. ज्यांच्या घरी बुचांची बॅटरी आहे त्यांनी थोड्याशा पैशांत मिळणारा हायड्रोमीटर आणावा, दोन महिन्यांतून एकदा सहाही सेलांची घनता वहीत लिहावी, आणि बॅटरी खरोखर गेली असे आकड्यांनी दाखवले तर ती न फोडता, आतले ॲसिड मोरीत किंवा अंगणात न ओतता, जशीच्या तशी अधिकृत विक्रेत्याकडे परत करून पावती घ्यावी.